मुंबईच्या गोदीतून हार्टलपूलला: 'ट्रिंकोमाली' युद्धनौकेसाठी स्वयंसेवक कसे व्हावे

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तिथल्या जुन्या गोदीत 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही तीन डोलकाठ्यांची शिडाची युद्धनौका उभी आहे. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. युरोपात अजूनही तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून आज तिची ओळख सांगितली जाते. तिची जबाबदारी 'नॅशनल म्युझियम ऑफ द रॉयल नेव्ही' या संग्रहालय-समूहाच्या हार्टलपूल येथील शाखेकडे असून पगारी कर्मचाऱ्यांच्या जोडीला तिथे स्वयंसेवकही काम करतात. ब्रिटनमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसाला प्रत्यक्ष जहाजावर जाऊन, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याला घरबसल्या, या कामात कसा हातभार लावता येईल, हे इथे क्रमाने मांडले आहे.

आधी 'विक्रांत'चा हिशेब समजून घ्यावा

हे काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक मराठी स्वयंसेवकाने आपल्याच बंदरात काय घडले ते नीट तपासून पाहावे, असे माझे मत आहे. 'आयएनएस विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली आणि २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद करावी लागली, लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली, आणि न्यायालयीन लढाई हरल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतल्या दारुखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी सुरू झाली. तिच्यावर जीव टाकणारी माणसे कमी नव्हती. पत्रे लिहिली गेली, याचिका झाल्या, मोर्चे निघाले. परंतु हे सारे घडेपर्यंत समुद्राचे पाणी तिच्या तळाशी वर्षानुवर्षे आपले काम करत होते. 'विराट'च्या बाबतीत तर राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये निवती येथे तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरीही दिली होती, तरीही २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीसाठी पोहोचली.

याच्या उलट 'ट्रिंकोमाली'ची हकीकत पाहावी. १८९७ मध्ये नौदलाने तिला भंगारात विकले होते. जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांची 'फूद्रोयाँ' ही जुनी नौका त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तिच्या जागी त्यांनी 'ट्रिंकोमाली' विकत घेतली आणि तिला 'फूद्रोयाँ' हेच नाव दिले. पुढे १९८६ पर्यंत ती मुलांची प्रशिक्षण-नौका म्हणून वापरात राहिली. वापरात असल्यामुळे तिच्यावर सतत माणसे राहत होती, आणि माणसे राहत असल्यामुळे गळती लागली तर ती कुणाच्या तरी नजरेस पडत होती. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला आणली गेली, आणि त्यामागेही भावनेपेक्षा व्यवहार होता. त्याआधी आठ वर्षे त्याच गावात 'एचएमएस वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेची दुरुस्ती चालली होती. 'वॉरियर' पोर्ट्समथला गेल्यावर मागे राहिलेल्या कसबी कारागिरांच्या हाताला त्याच तोडीचे काम हवे होते. 'ट्रिंकोमाली'चे पुनरुज्जीवन २००१ मध्ये पूर्ण झाले आणि त्याला सुमारे १ कोटी ५ लाख पौंड लागले. म्हणजे 'विक्रांत' मुंबईत लोकांसाठी खुली झाली त्याच वर्षी.

दोन्ही नौकांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल, हेही मान्य केले पाहिजे. 'विक्रांत' सुमारे २१३ मीटर लांबीची पोलादी विमानवाहू नौका होती, तर 'ट्रिंकोमाली'चा तोफांचा मजला जेमतेम ४६ मीटरचा आहे. तरीही जहाजाला नियमित हात आणि नियमित पैसा लागतो, आणि एकदा राहिलेली देखभाल नंतरच्या उत्साहाने भरून निघत नाही, ही गोष्ट दोघींनाही सारखीच लागू आहे. स्वयंसेवकाने आपल्या वेळेचा विचार याच अंगाने करावा.

पहिली पायरी: जहाजाची टिपणवही तयार करणे

अर्ज करण्याआधी एक वही घ्यावी आणि जहाजाचा जीवनक्रम स्वतःच्या हाताने लिहून काढावा. नेपोलियनच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली होती, म्हणून नौदलाने १८१२ मध्ये या नौकेचे काम मुंबईच्या वाडिया घराण्याकडे सोपवले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले होते, आणि त्यांच्या वंशजांच्या देखरेखीखाली या गोदीने ब्रिटिश नौदलाला एकाहून एक नौका दिल्या. आराखडे ज्या 'एचएमएस जावा'वरून येत होते ती नौका डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडली, त्यामुळे नवे आराखडे मागवावे लागले आणि प्रत्यक्ष बांधणी १८१६ मध्ये सुरू झाली. लाकूड मलबारचे सागवान होते. तळाचा कणा बसवताना पारशी परंपरेप्रमाणे त्यात कोरीव चांदीचा खिळा ठोकण्यात आला. मुंबईहून निघालेली नौका वाटेत जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेना बेटावर थांबली, तिथून नेपोलियनवर उपचार केलेल्या जॉन स्टोको या शल्यवैद्याला बरोबर घेऊन निघाली, आणि ३० एप्रिल १८१९ रोजी पोर्ट्समथला पोहोचली.

एवढ्या खटाटोपाने बांधून घेतलेली ही नौका युद्ध संपलेले असल्यामुळे पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे नुसती बांधून ठेवलेली होती. १८४५ मध्ये तिची रचना बदलून तोफा कमी करण्यात आल्या, त्यानंतर १८४७ पासून १८५० पर्यंत ती उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रात आणि पुढे १८५२ पासून १८५७ पर्यंत पॅसिफिकमध्ये होती. या टप्प्यांची वर्षे तोंडपाठ असणे हे केवळ पांडित्य नाही. कुठलाही दुरुस्तीचा किंवा सजावटीचा निर्णय घेताना हा भाग कोणत्या काळातला आणि आपण कोणत्या काळातली नौका दाखवत आहोत, हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि त्याचे उत्तर ठाऊक नसलेला स्वयंसेवक चांगल्या हेतूने चुकीचा रंग लावून मोकळा होतो.

वहीत एक पान महाराष्ट्रासाठी राखून ठेवावे. ही नौका मुंबईत पाण्यात उतरली त्यानंतर जेमतेम साडेतीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या अखेरीला सुरुवात झाली. इंग्रजी माहितीफलकावर हा संदर्भ सहसा नसतो. तो आपण सांगू शकतो, आणि तो सांगितला की मुंबईच्या गोदीत तेव्हा कुणाची सत्ता होती, लाकूड कुठून येत होते, त्या जहाजाच्या तोफा कुणासाठी होत्या, हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

दुसरी पायरी: आपल्याकडे काय देण्यासारखे आहे ते ठरवणे

स्वयंसेवक म्हटले की लोकांना डोलकाठीवर चढणारा माणूस दिसतो. प्रत्यक्षात जहाजावरचे बरेचसे काम पाहुण्यांचे स्वागत, माहिती देणे, शाळांच्या सहली सांभाळणे, वस्तूंची काळजीपूर्वक स्वच्छता, कागदपत्रांची नोंद, कार्यक्रमांची तयारी अशा स्वरूपाचे असते. सुतारकाम, रंगकाम, दोरखंडांचे काम येत असेल तर ते अर्जात जरूर लिहावे, पण ते येत नाही म्हणून मागे हटू नये. हिशेब, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, भाषांतर, संगणकावर सूची करणे यांनाही तितकीच मागणी असते.

खरी कसोटी वेळेची आहे. महिन्यातून एक शनिवार देणारा पण तो कधीही न चुकवणारा माणूस, उन्हाळ्यात रोज येऊन ऑक्टोबरपासून गायब होणाऱ्या माणसापेक्षा जहाजाला अधिक उपयोगी पडतो. न्यूकॅसल, संडरलंड, मिडल्सब्रो या भागात राहणाऱ्यांना रेल्वेने येणे-जाणे सहज जमते. लंडनहून हार्टलपूलला थेट गाडी आहे, पण दर आठवड्याला तो प्रवास करण्याचे वचन कुणी उत्साहाच्या भरात देऊ नये. लंडन-बर्मिंगहॅमकडच्या मंडळींनी वर्षातून एखादा मोठा कार्यक्रम किंवा दुरून करता येणारे काम मागून घेणे शहाणपणाचे.

तिसरी पायरी: अर्ज, मुलाखत आणि कागदपत्रे

संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वयंसेवकांच्या विभागात त्या-त्या वेळी रिकाम्या असलेल्या जागा पाहाव्यात. अर्जात 'मला इतिहासाची आवड आहे' यापेक्षा 'मला दोन भाषांत गटाला माहिती देता येते, मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येऊ शकतो' असे लिहिणे परिणामकारक ठरते. त्यानंतर बहुधा अनौपचारिक भेट होते, ओळखीच्या दोन व्यक्तींचे संदर्भ मागितले जातात, आणि मुलांबरोबर काम असेल तर पार्श्वभूमी-तपासणी होते. ब्रिटनमध्ये या तपासणीसाठी स्वयंसेवकाकडून सरकारी शुल्क घेतले जात नाही. प्रवासखर्च परत मिळतो का, जहाजावर असताना विम्याचे संरक्षण आहे का, आणि अडचण आली तर नेमके कुणाकडे जायचे, हे तीन प्रश्न त्या भेटीतच विचारून घ्यावेत. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

व्हिसाचा मुद्दा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. ब्रिटनच्या नियमांत हौसेने केलेली मदत आणि बिनपगारी नोकरी यांत फरक केला जातो. ठरावीक तास, ठरावीक कर्तव्ये आणि करार असलेले बिनपगारी काम विद्यार्थ्याच्या आठवड्याच्या कामाच्या तासांत मोजले जाऊ शकते. आईवडील भेटीच्या व्हिसावर आले असतील आणि त्यांनाही काही करावेसे वाटत असेल, तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, मुख्य हेतूला दुय्यम असे, एकूण ३० दिवसांपर्यंतचेच काम चालते. नियम बदलत राहतात, म्हणून विद्यापीठाच्या किंवा मालकाच्या व्हिसा विभागाकडून लेखी खात्री करून मगच तारखा द्याव्यात.

चौथी पायरी: जहाजावर वावरायला शिकणे

ही नौका पाण्यावर आहे, आत उजेड कमी आहे आणि खालच्या मजल्यांवर छत इतके खाली आहे की उंच माणसाला वाकूनच चालावे लागते. उभ्या शिड्यांवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे आणि हातात पिशवी किंवा कॅमेरा घेऊ नये. एक हात स्वतःसाठी आणि एक हात जहाजासाठी, हा खलाशांचा जुना नियम संग्रहालयातही तितकाच खरा आहे. ओल्या डेकवर चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून येऊ नये. डोलकाठ्या आणि दोरखंडांवर प्रशिक्षण व लेखी परवानगी नसताना पाय ठेवू नये, बंदिस्त तळघरात एकट्याने उतरू नये, आणि जुन्या रंगाच्या थराला काचकागद (सँडपेपर) घासू नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते. पोलादी नौकांवर काम करणाऱ्यांनी याशिवाय अॅस्बेस्टॉसबद्दल आधी विचारून घ्यावे. आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग पहिल्याच दिवशी स्वतः चालून पाहावेत. नकाशावर पाहिलेला मार्ग अंधारात आठवत नाही.

पाचवी पायरी: लाकूड ओळखणे आणि पाण्यावर लक्ष ठेवणे

लाकडी नौकेचा मुख्य शत्रू समुद्र नसून पाऊस आहे, हे नव्या स्वयंसेवकाला सुरुवातीला पटत नाही. खारे पाणी लाकूड सडवणाऱ्या बुरशीला पोषक नसते. गोडे पाणी मात्र डेकच्या फळ्यांमधून झिरपून बंद, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात साचले की कुजण्याची सुरुवात होते. म्हणूनच शिडांच्या काळात डेक समुद्राच्या पाण्याने धुण्याची पद्धत होती. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशीला संधी मिळते. सागवानातील नैसर्गिक तेल तिला बराच विरोध करते. शिवाय ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे जसे खाल्ले जातात तसे सागात होत नाही. मुंबईत बांधलेल्या नौका दीर्घायुषी ठरल्या त्यामागे हे एक मोठे कारण आहे. तरीही दोनशे वर्षांत झालेल्या दुरुस्त्या लक्षात घेता प्रत्येक तुकडा मूळ सागवानच आहे असे गृहीत धरू नये.

पाहणीची पद्धत साधी आहे, पण ती दर वेळी सारखीच केली पाहिजे. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर विजेरी घेऊन डेकच्या खालच्या मजल्यावर जावे. विजेरीचा झोत सरळ न टाकता फळीला जवळजवळ समांतर धरावा. तसे केले की उठलेला रंग, फुगलेली धार, पांढुरकी बुरशी आणि पाण्याचा ओघळ सावलीमुळे उठून दिसतात. फळ्यांच्या सांध्यांत डांबर लावलेले दोराचे धागे ठोकून वरून सील केलेले असते. हे सील एका बाजूने सुटले तर केसाएवढी काळी रेघ दिसते, आणि ती रेघ जिथे दिसते तिथून पाणी खाली टपकेलच असे नाही, कारण आत शिरलेले पाणी तुळईच्या कडेने बरेच अंतर वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी बाहेर येते. बोटाच्या पेराने हलके ठोकून पाहावे: निरोगी लाकूड टणक आवाज देते, कुजलेले लाकूड बद्द वाजते. टोकदार हत्यार खुपसून पाहण्याचा मोह आवरावा. ते काम संवर्धकाचे.

जे दिसले ते तिथल्या तिथे लिहावे. कोणता मजला, डावी बाजू की उजवी, कितव्या तुळईजवळ, डाग किती सेंटीमीटरचा, हात लावल्यावर ओला की कोरडा, त्या दिवशी हवामान कसे होते, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र. गेल्या वेळच्या नोंदीशी ताडून डाग वाढला की तेवढाच आहे, हे सांगता आले की संवर्धकाचा निम्मा वेळ वाचतो. असल्या कंटाळवाण्या नोंदींमुळेच दुरुस्तीसाठी निधी मागताना संस्थेला आकडे हाताशी मिळतात. 'जहाज वाचवा' या फलकापेक्षा तीन हिवाळ्यांची ओलाव्याची नोंद अर्थसाहाय्य देणाऱ्याला अधिक पटते.

स्वच्छतेच्या बाबतीत आपल्या घरगुती सवयी जरा बाजूला ठेवाव्या लागतात. पितळ लखलखीत करण्याची हौस दर वेळी थोडा धातू घासून नेते आणि कोरलेली अक्षरे हळूहळू पुसट होत जातात, म्हणून कोणती वस्तू कधी आणि कशाने पुसायची याचे वेळापत्रक पाळावे. मऊ ब्रश आणि कोरडे कापड बहुतेक ठिकाणी पुरेसे असते. घरून आणलेले तेल, पॉलिश किंवा साबण वापरू नये. खिडक्या व झडपा उघड्या ठेवून हवा खेळती राखणे हे दिसायला क्षुल्लक वाटणारे काम मात्र कधीही टाळू नये.

सहावी पायरी: पाहुण्यांशी बोलणे

माहिती देणाऱ्या स्वयंसेवकाने पाठ केलेले भाषण म्हणून दाखवू नये. समोरच्या गटाकडे पाहून तीन-चार गोष्टी निवडाव्यात आणि प्रत्येक गोष्ट जहाजावरच्या एखाद्या दिसणाऱ्या वस्तूला बांधावी. तोफेजवळ उभे असताना अठरा पौंडांचा गोळा म्हणजे सुमारे आठ किलो, हे सांगून एखाद्या मुलाला तेवढ्या वजनाची पिशवी उचलायला द्यावी. झोपण्याच्या मजल्यावर मोजपट्टी काढून नौदलात एका खलाशाच्या झोळीला मिळणारी १४ इंच रुंदी दाखवावी. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर प्रवास केलेल्या माणसाला ती जागा समजावून सांगावी लागत नाही. निम्मे खलाशी पहाऱ्यावर असत, त्यामुळे झोपणाऱ्याला शेजारची जागाही मिळे, हे सांगायला मात्र विसरू नये, कारण अर्धवट सांगितलेली अतिशयोक्ती चाणाक्ष पाहुणा लगेच पकडतो.

नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या पुरुषाची प्रतिमा आहे. भारतीय स्वयंसेवक दिसला की पाहुणे हमखास 'हा कोण?' असे विचारतात. तिथे एखाद्या राजाचे किंवा सरदाराचे नाव ठोकून देण्याचा मोह होतो. ती पूर्वेच्या देशांविषयीच्या तत्कालीन ब्रिटिश कल्पनेतून कोरलेली प्रतिमा आहे, एवढेच सांगून थांबावे. त्याचप्रमाणे ही नौका 'मराठी' आहे असा दावा करू नये. आराखडा ब्रिटिश नौदलाचा, व्यवस्था ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीची, बांधणारे पारशी घराणे, लाकूड मलबारचे, आणि जागा मुंबईची. यातला प्रत्येक घटक आहे तसा सांगितला तरी आपला वाटा कमी होत नाही. साम्राज्याविषयी कुणी अवघड प्रश्न विचारला तर विषय टाळू नये, आणि पाहुण्याला दोषी ठरवण्याच्या सुरातही बोलू नये.

गावाचा इतिहासही थोडा जाणून घ्यावा. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी हार्टलपूलवर केलेल्या तोफमाऱ्यात शंभराहून अधिक माणसे मारली गेली. तिथल्या वयस्क पाहुण्यांसाठी समुद्र आणि युद्ध ही घरातली गोष्ट आहे. नेपोलियनच्या काळात गावकऱ्यांनी फ्रेंच हेर समजून एका माकडाला फाशी दिले, ही दंतकथा ते स्वतः हसत सांगतात. परक्याने ती त्यांना ऐकवू नये, एवढे तारतम्य बाळगलेले बरे.

सातवी पायरी: महाराष्ट्रातून करता येणारे काम

हार्टलपूलला कधीच जाणे शक्य नसलेल्यांसाठी सर्वांत मोलाचे काम कागदपत्रांचे आहे. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात कंपनीच्या काळातील दफ्तरे आहेत, एशियाटिक सोसायटीकडे जुनी वर्तमानपत्रे व ग्रंथ आहेत, आणि व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेली 'मेरिटाइम हिस्टरी सोसायटी' सागरी इतिहासावर काम करते. अभ्यासकाला लागणारी रीतसर परवानगी घ्यावी, एकच नेमका प्रश्न हाती घ्यावा, उदाहरणार्थ १८१६-१७ मध्ये गोदीत आलेले लाकूड किंवा कारागिरांची मजुरी, आणि जे सापडेल त्याचा दफ्तर क्रमांक व पान क्रमांक न चुकता लिहून ठेवावा. संदर्भाशिवाय पाठवलेला सुंदर किस्सा संग्रहालयाला निरुपयोगी असतो. काहीही पाठवण्यापूर्वी त्यांना पत्र लिहून कोणती माहिती हवी आहे ते विचारावे.

प्रसाराच्या कामात मराठी विकिपीडियावरील लेख, शाळेत दाखवण्याजोगे छोटे सादरीकरण, आणि संग्रहालयाच्या परवानगीने केलेले माहितीपत्रकाचे भाषांतर या गोष्टी टिकाऊ ठरतात. छायाचित्र कुणाचे आहे हे विचारल्याशिवाय वापरू नये. मुंबईत नौदल गोदीच्या आत सर्वसामान्यांना प्रवेश नसला, तरी लायन गेटसमोर 'विक्रांत'च्या धातूतून उभारलेले स्मारक आहे, आणि तिथून सुरू होणारी फोर्ट भागातील पायी फेरी आखता येते. १९३२ पासून लंडनमध्ये असलेल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांच्या सभासदांसाठी हार्टलपूलची सहल काढायची असेल, तर गटाची पूर्वनोंदणी करावी आणि वयस्कांना शिड्या झेपतील का, हे आधी पाहावे.

ज्यांना भारतातच प्रत्यक्ष जहाजावर काम करायचे आहे त्यांनी कारवारची 'चपळ' ही क्षेपणास्त्र-नौका किंवा विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी पाहून यावी. तिथे स्वयंसेवकासाठी अर्जाचा छापील नमुना मिळेलच असे नाही; व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला लेखी प्रस्ताव द्यावा आणि त्यात एकच मर्यादित काम सुचवावे, जसे की मराठी माहितीपत्रक किंवा निवृत्त नौसैनिकांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण. हे ध्वनिमुद्रण विशेष निकडीचे आहे. १९७१ मध्ये 'विक्रांत'वर असलेले खलाशी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांतले अनेकजण महाराष्ट्रातल्या गावांत निवृत्तीचे जीवन जगत आहेत.

पैशाचा व्यवहार

संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय तिच्या नावाने एक रुपयाही गोळा करू नये. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने देणगीबरोबर 'गिफ्ट एड'चा फॉर्म भरला तर प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला सरकारकडून मिळतात, आणि देणाऱ्याला त्यासाठी जास्तीचा खर्च येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात पेटी फिरवण्याऐवजी प्रत्येकाने हा फॉर्म भरून थेट संस्थेला देणगी दिली तर हिशेबाची कटकटही राहत नाही.

काम सोपवताना

नोकरी बदलते, व्हिसा संपतो, घरी परतण्याची वेळ येते. तेव्हा निदान दोन महिने आधी समन्वयकाला कळवावे. आपली पाहणीची वही, छायाचित्रांचे नीट नावे दिलेले फोल्डर आणि अर्धवट राहिलेल्या कामांची यादी तयार करावी. नव्या स्वयंसेवकाबरोबर निदान एक पावसाळी फेरी करावी आणि प्रत्येक जुना डाग त्याला जागेवर नेऊन दाखवावा. ओळखपत्र, किल्ल्या आणि सुरक्षेचे साहित्य पोच घेऊन परत करावे. पाहुण्यांची छायाचित्रे किंवा दूरध्वनी क्रमांक स्वतःच्या मोबाइलवर राहिले असतील तर ते पुसून टाकावेत, आणि तसे केल्याचे समन्वयकाला लेखी कळवावे.